अस्मानी, सुलतानी आणि संवाद : आपत्तीविषयक मराठी गद्याचा एक विचार

१

मराठी भाषेत संकटवाचक शब्दांची वाण नाही. आपत्ती, अरिष्ट, अनर्थ, आकांत, प्रलय, अवर्षण, दुष्काळ, महापूर, पटकी, मरी अशी ही नामावळी बरीच लांबवता येईल. या सर्वांत विचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो तो 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द. आभाळातून येणारे आणि राज्यकर्त्यांकडून येणारे अशी संकटांची दोन कुळे या शब्दाने कल्पिली आहेत आणि ती एकमेकांना जोडूनही ठेवली आहेत. निसर्गाचा कोप हा माणसाने आधीच करून ठेवलेल्या व्यवस्थेतून वाट काढत माणसापर्यंत पोचतो, त्यामुळे निव्वळ 'नैसर्गिक' अशी आपत्ती नसते, हा विचार आपत्तीच्या आधुनिक अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्रहाने मांडला. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी असलेल्या या जोडशब्दात त्या विचाराचे बीज फार पूर्वीपासून आहे.

उलट, आपत्तीनंतर पुन्हा उभे राहण्याच्या समाजाच्या शक्तीसाठी मराठीत एकही रुळलेले नाम नाही. 'लवचिकता', 'प्रतिकारक्षमता', 'पुनरुत्थानशीलता' हे परिभाषेतील शब्द शासकीय आराखड्यांबाहेर फारसे पडलेले नाहीत. बोलीत मात्र त्यासाठी क्रियापदे आहेत : तग धरणे, उभारी धरणे, सावरणे. त्यांतही 'सावरणे' हे क्रियापद विशेष लक्षणीय आहे. ते अकर्मक आहे आणि सकर्मकही. माणूस स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो. ज्या गोष्टीला परिभाषेने गुण मानले, तिला बोलीने क्रिया मानले, आणि ती क्रिया एकट्याने पुरी होत नाही याची जाणीवही क्रियापदाच्या या दुहेरी रूपात राहिली.

प्रस्तुत लेखाचा विषय हा भाषिक प्रश्न आहे. आपत्तीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यात शोकाचे व साक्षीचे लेखन आहे, तसेच अहवालाचे व नियमावलीचे लेखनही आहे. पहिल्या प्रकाराची समीक्षेने यथायोग्य दखल घेतली आणि दुसरा प्रकार प्रशासनाचा म्हणून बाजूला ठेवला. या दोहोंहून वेगळी अशी एक तिसरी परंपरा मराठीत आहे. मिळवलेले ज्ञान ज्याच्यावर संकट येणार आहे त्याच्या बोलीत त्याच्यापर्यंत नेणे आणि त्याचे निरीक्षण ज्ञानाच्या व्यवहारात परत आणणे, हे तिचे स्वरूप होय. या परंपरेला येथे 'संवादाचे गद्य' असे म्हटले आहे. समीक्षेने तिच्याकडे दुर्लक्ष केले, आणि या दुर्लक्षाची किंमत वाङ्मयाबाहेरही मोजावी लागली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

या परंपरेचा पहिला मोठा आधुनिक ग्रंथ म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३). त्याची पार्श्वभूमी १८७६ ते १८७८ या काळातील दख्खनच्या भीषण दुष्काळाची आहे. त्याच दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० साली आला आणि त्यातून दुष्काळ संहितांचा पाया घातला गेला. एकाच अरिष्टातून तीन वर्षांच्या अंतराने निर्माण झालेले हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. संहिता अधिकाऱ्यासाठी आहे. दुष्काळ केव्हा जाहीर करावा, कामे कोठे काढावीत, मजुरी किती द्यावी हे ती सांगते. तिच्यात शेतकरी हा मोजण्याचा विषय आहे, तिचा वाचक तो नाही.

'असूडा'त हा संबंध उलटा होतो. डोंगरावरून पावसाबरोबर शेतात उतरणारे पालापाचोळ्याचे खत, जंगलखात्याच्या निर्बंधांनी त्यात आलेला खंड, पाण्याबरोबर वाहून जाणारी माती यांचा कार्यकारणभाव फुले शेतकऱ्याच्या अनुभवाच्या क्रमाने उलगडतात. उपायही तसेच आहेत. रिकाम्या असलेल्या शिपायांना व पोलिसांना लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांना मिळावे, पाणाड्यांकडून पाण्याच्या जागा शोधून घ्याव्यात, अशा त्यांच्या सूचना आहेत. आजच्या भाषेत हा पाणलोट क्षेत्रविकासाचा आराखडा आहे. पाणाड्याचे पारंपरिक कसब आणि सरकारी यंत्रणेचे बळ यांना फुले एका कामाला जुंपतात, हेही नोंदवण्यासारखे आहे. पाणाड्याच्या कसबाला भूजलशास्त्राचा आधार नाही, असे आज म्हणता येईल. परंतु गावाला पाण्याविषयी जे वाटते ते विचारात घेऊनच पुढे गेले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी त्यामुळे बाद होत नाही.

हा ग्रंथ छापून पुरा होण्याआधीच ऐकला गेला होता. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी आपण तो लोकांना वाचून दाखवल्याचे फुले यांनीच नमूद केले आहे. निरक्षर श्रोता हा या गद्याचा पहिला वाचक होता. त्याच्या वाक्यांची लय, त्यातील संतापाचे उमाळे आणि एकच मुद्दा फिरून फिरून सांगण्याची रीत या वस्तुस्थितीतून समजून घ्यावी लागते. शैलीच्या नागर निकषांवर जे 'पाल्हाळ' ठरते, ते श्रवणाच्या निकषावर आवश्यक ठरते.

संवादाच्या या भाषेविरुद्ध टोकाला असलेल्या भाषेचा नमुना ८० वर्षांनंतरचा आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ साली एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळाचा वाचक असलेला 'फॅमिन' हा इंग्रजी शब्द वगळला आणि त्याच्या जागी टंचाईचा वाचक शब्द घातला. शासन वेळीच उपाय योजत असल्यामुळे तशी परिस्थिती उद्भवतच नाही, अशी त्यामागची भूमिका होती. यानंतर नऊच वर्षांनी १९७२चा दुष्काळ आला. त्या दुष्काळातील कामांमुळे उपासमारीने होणारी मोठी जीवितहानी टळली आणि त्याच अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा झाला, हे मान्यच केले पाहिजे. तथापि लोक ज्याला दुष्काळ म्हणत होते त्याला कागदावर टंचाई म्हणायचे, यामुळे सोसणारा आणि शासन यांच्यात शब्दाचेच अंतर पडले. पुढे 'दुष्काळसदृश परिस्थिती' हा शब्दप्रयोग आला. 'ओला दुष्काळ' हा शेतकऱ्याच्या नित्य वापरातील शब्द शासनाच्या नियमावलीत नाही, असे उत्तर अतिवृष्टीच्या वर्षी त्याला मिळते. संकटाचे नाव ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न भाषेचा आहे आणि मदतीचाही आहे.

३

संवाद तुटला म्हणजे ज्ञान असूनही काय घडते, याचा सर्वांत बोलका दाखला १८९७च्या प्लेगचा आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. म्हणजे संशोधन त्याच प्रांतात, त्याच आठवड्यांत चालू होते. पुण्यात मात्र लोकांच्या वाट्याला आली ती रँडच्या अधिपत्याखालील गोऱ्या सोजिरांची घरझडती. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. या इतिहासाचे राजकीय वाचन पुष्कळ झाले आहे. संवादाच्या अंगाने पाहता वेगळी गोष्ट दिसते. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. मराठी गावांत मात्र 'उंदीर पडणे' हा शब्दप्रयोगच रूढ झाला होता. घरात उंदीर पडू लागले की घर सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचे, हा शहाणपणा अनुभवातून आला होता. त्यात रोगाची मीमांसा नसली तरी खूण अचूक होती आणि उपायही बऱ्याच अंशी योग्य होता. लोकांजवळ निरीक्षण होते, शास्त्रज्ञांजवळ पद्धती होती आणि शासनाजवळ साधने होती. या तिघांना एकत्र आणणारी भाषा तेवढी नव्हती. ज्यांनी ती स्वतःच्या आचरणातून निर्माण केली त्यांत सावित्रीबाई फुले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

१९३४पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाई टिळकांनी प्लेगच्या दिवसांचे जे चित्रण केले आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. भीती, विनोद, सेवा आणि व्यवहारज्ञान हे सारे तेथे एका घरगुती सुरात येते. मृत्यूचे सावट असलेल्या काळातही माणसे काय खातात, कशावरून भांडतात, कोणाला धीर कसा देतात, हे लक्ष्मीबाई पाहतात. अहवालात ज्याला जागा नसते असे सावरण्याचे तपशील त्यांच्या गद्यात टिकले आहेत.

मराठी कादंबरीने दुष्काळाचा अनुभव समर्थपणे मांडला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) माणदेशातील एक धनगरवाडी अवर्षणाने हळूहळू रिकामी होते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) आपत्ती एका हंगामापुरती उरत नाही, शीर्षकाप्रमाणेच ती बारा महिन्यांची होते. शिकलेल्या शेतकरी तरुणाच्या वाट्याला आलेली कोंडी ही तेथे अस्मानीपेक्षा सुलतानीच अधिक आहे.

या कृतींकडून उपाययोजनेची अपेक्षा करणे हे समीक्षेचे काम नव्हे. कादंबरी ही पुस्तिका नसते. परंतु त्यांतील सामाजिक ज्ञान वेचणे हे मात्र समीक्षेचे काम आहे. 'बनगरवाडी'त तालीम ही वाडीने कष्टाने उभी केलेली आहे. दुष्काळ आला तेव्हा त्या वाडीत एकजूट नव्हती असे नाही. एकजूट असूनही वाडी विस्कटली, कारण चारा-पाण्याची तजवीज ही वाडीच्या एकजुटीच्या आवाक्याबाहेरची होती. 'लोकसहभाग' हा शब्द आज शासकीय कागदपत्रांत ज्या सहजतेने वापरला जातो, त्याला या कादंबरीने फार आधी मर्यादा घालून दिली आहे. लोकांनी एकत्र यावे एवढे पुरेसे नसते, त्यांच्या हाती काही साधन असावे लागते. शोकाच्या वाङ्मयातून असे ज्ञान काढता येते आणि ते आपत्तीच्या अभ्यासकाला उपयोगी पडण्याजोगे आहे.

४

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद परिसरात झालेला भूकंप हा या परंपरेतील निर्णायक प्रसंग होय. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. सुमारे आठ हजार माणसे दगावल्याचा शासकीय आकडा आहे, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. भूकंपाची तीव्रता ६.२च्या आसपास होती. जगातील अनेक देशांत एवढ्या भूकंपात इतकी हानी होत नाही. दख्खनचे पठार स्थिर मानले जात असल्याने तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ साली भारतीय मानकाची सुधारणा होताना ते क्षेत्रच रद्द झाले.

भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ साली, किल्लारी परिसरात धक्के जाणवले होते. त्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करता आले असते काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. लहान धक्क्यांच्या मालिका बहुधा तशाच विरून जातात आणि भूकंपाची तारीख सांगणारे शास्त्र आजही अस्तित्वात नाही. परंतु तारीख सांगता न येणे आणि काहीच सांगता न येणे यांत अंतर आहे. धक्का बसला तर कोणते घर कसे पडेल, हे शास्त्राला ठाऊक होते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद, पण आतबाहेरच्या दोन पदरांना आरपार बांधणारा दगड नसलेल्या आणि मातीत रचलेल्या. वर लाकडी तुळयांवर मातीचा थर, आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे त्यावर टाकलेली आणखी माती. उन्हापावसापासून उत्तम रक्षण करणारे हे घर हादऱ्याला मात्र अत्यंत दुबळे होते. भूकंपापेक्षा घरांनी माणसे अधिक मारली. हे ज्ञान अभियांत्रिकीच्या ग्रंथांत होते, ते मराठवाड्यातील गवंड्याच्या बोलीत नव्हते.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने राबवलेल्या पुनर्वसन प्रकल्पात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्याहून कितीतरी अधिक गावांतील घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करायची होती, आणि ती घरमालकांनी स्वतः करायची होती. येथे संवादाचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. या कामी लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आली आणि गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमण्यात आल्या. कोणाला काय देय आहे, कोपरे कसे बांधायचे, माळवदावरची माती का कमी करायची, भिंतीत आरपार दगड किती अंतरावर घालायचा, हे या स्त्रिया घरोघरी समजावून सांगत आणि घरमालकांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत पोचवत.

या पदनामाची वाङ्मयीन दृष्टीने दखल घेणे अगत्याचे आहे. 'प्रशिक्षक', 'मार्गदर्शक', 'प्रचारक' असे शब्द शासनाला नेहमीचेच होते. यांपैकी प्रत्येकात ज्ञान वरून खाली येते. 'संवाद' या शब्दाला दोन टोके लागतात, आणि 'सहायक' म्हणताच बोलणाऱ्याचा अधिकार कमी होऊन त्याचे काम वाढते. माळवदावरची माती कमी करा, असे अभियंता सांगतो तेव्हा ती सूचना असते. शेजारची बाई तेच सांगते तेव्हा, पाऊस गळला तर काय, उन्हाळ्यात घर तापले तर काय, हे प्रश्न तिला विचारता येतात, कारण तिच्याही डोक्यावर तेच छप्पर असते. प्रश्न विचारता येणे ही संवादाच्या गद्याची पहिली कसोटी आहे. पुढे २००१च्या गुजरात भूकंपानंतर लातूर भागातील स्त्रिया कच्छमध्ये आणि त्सुनामीनंतर तमिळनाडूमध्ये आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. भाषा वेगळी असूनही त्यांचे म्हणणे पोचले, ते त्यांनी स्वतः सोसले होते म्हणून.

या साऱ्या व्यवहारात बोलल्या गेलेल्या मराठीची पद्धतशीर नोंद वाङ्मयाच्या अभ्यासात दिसत नाही. 'असूडा'चे वाचन ऐकणारे श्रोते आणि संवाद सहायकांना प्रश्न विचारणाऱ्या बाया यांच्यामध्ये ११० वर्षांचे अंतर असले तरी परंपरा एकच आहे.

५

ही परंपरा मराठीपुरती सीमित नाही, हे पाहण्यासाठी चंडीगडच्या परिसरातील एक उदाहरण उपयुक्त ठरते. शिवालिकच्या पायथ्याशी, पावसाळ्यात अचानक भरून वाहणाऱ्या आणि एरवी कोरड्या असणाऱ्या प्रवाहांना तेथे 'चो' म्हणतात. हा लोकभाषेतील शब्द १९००च्या पंजाबातील भूसंधारणविषयक कायद्याच्या नावातच घेतला गेला होता. संकटाचे स्थानिक नाव कायद्याने स्वीकारल्याचे हे उदाहरण महाराष्ट्रातील १९६३च्या अधिनियमाशेजारी ठेवले असता दोन भाषिक धोरणांतील फरक स्पष्ट होतो.

चंडीगडमधील सुखना तलाव १९५८ साली सुखना चो अडवून निर्माण करण्यात आला. दोन दशकांच्या आत गाळाने त्याचा मोठा भाग भरून टाकला. चंडीगड येथील मृद व जलसंधारण संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा यांनी या गाळाचा माग काढला, तो शिवालिकमधील उघड्या पडलेल्या डोंगरउतारांपर्यंत आणि सुखोमाजरी या लहानशा गावापर्यंत पोचला. गावाची गुरे त्या उतारांवर चरत. चराई बंद करा, असे सांगणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते, पण ते शहरातील तलावासाठी सांगितले जात होते आणि गावाला त्यातून काहीच मिळत नव्हते. शहराला जो गाळ दिसत होता, ती गावाची माती होती. १९७६ साली गावाजवळ लहानसा मातीचा बांध घालून पाणी अडवण्यात आले आणि ते पाणी गावाच्याच शेतांना मिळू लागले, तेव्हा बोलण्याची दिशा बदलली. पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक घराचा वाटा ठरला आणि गावाने आपण होऊन डोंगरावरची मोकाट चराई थांबवली. तारेच्या कुंपणाऐवजी आलेल्या या निर्बंधाला 'सामाजिक कुंपण' हे नाव मिळाले.

मराठी वाचकाला येथे विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत आठवल्याशिवाय राहणार नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे सुरू झालेल्या या प्रयोगातही पाण्याचा हक्क जमिनीवरून न ठरता माणसांवरून ठरला आणि भूमिहीनांनाही तो मिळाला. एकाच दशकात भिन्न भाषांत व भिन्न भूगोलात झालेल्या या दोन प्रयोगांचा निष्कर्ष समान आहे. संशोधनाचे निष्कर्ष लोकांच्या भाषेत उतरवणे म्हणजे केवळ सोपे शब्द योजणे नव्हे. ऐकणाऱ्याचा हितसंबंध त्या वाक्यात असावा लागतो. सुखोमाजरीत शब्द सोपे करून काम झाले नाही, वाक्याचा कर्ता बदलला तेव्हा झाले.

मात्र असे यश एकदाच मिळवून ठेवता येत नाही. जुलै २०२३मध्ये चंडीगडला एका दिवसात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. वरच्या पाणलोटात जे होते ते खालच्या वस्तीला सांगण्याची गरज प्रत्येक पिढीत नव्याने निर्माण होते.

६

आज आपत्तीविषयीची सर्वाधिक वाचली जाणारी मराठी कोणती, असा प्रश्न केल्यास उत्तर कादंबरीचे किंवा अहवालाचे येणार नाही. मोबाइल फोनवर आणि वृत्तपत्रांत येणारे हवामानाचे इशारे हेच ते वाङ्मय होय. त्याची भाषिक तपासणी केली असता गंभीर दोष आढळतात.

'तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पाऊस' हे नेहमीचे वाक्य घ्यावे. हवामानशास्त्रात 'तुरळक' म्हणजे विभागातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर. 'मुसळधार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे आणि 'अतिमुसळधार' म्हणजे ११५.६पासून २०४.४ मिलिमीटरपर्यंत. सामान्य मराठी कानाला मात्र 'तुरळक' हा शब्द क्षुल्लकतेचा वाटतो. तुरळक पाऊस म्हणजे चार थेंब. वाक्याच्या पहिल्याच शब्दाने इशाऱ्याची धार जाते. वस्तुतः तुरळक ठिकाणचा पाऊसच अनेकदा घातक असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याच शहरातील कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नव्हता.

दुसरे उदाहरण 'अतिवृष्टी'चे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसूल खाते त्याला अतिवृष्टी म्हणते, हवामान खात्याच्या लेखी तो मुसळधार असतो आणि वृत्तपत्रे त्याच्या कितीतरी पट पावसालाही अतिवृष्टीच म्हणतात. एकाच शब्दाची तीन मापे असतील तर तो शब्द ऐकून शेतकऱ्याने नेमके काय करावे, हे ठरत नाही.

तिसरे उदाहरण पूररेषांचे. २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतर निळी रेषा व लाल रेषा हे शब्द घरोघरी पोचले. ढोबळमानाने निळी रेषा '२५ वर्षांतून एकदा' आणि लाल रेषा '१०० वर्षांतून एकदा' येणाऱ्या पुराची, असे सांगितले जाते. मराठीत 'वर्षांतून एकदा' ही रचना ठरावीक फेऱ्याची आहे, वर्षातून एकदा येणाऱ्या जत्रेसारखी. त्यामुळे एक महापूर येऊन गेला की पुढील काही दशकांची निश्चिंती झाली, असा समज होतो. संख्याशास्त्रातील अर्थ वेगळा आहे. लाल रेषेचा पूर दर वर्षी शंभरात एक या शक्यतेने येऊ शकतो, गेल्या वर्षी तो आला की नाही याचा त्यात संबंध नाही. त्या रेषेवरील घरात एखादे कुटुंब ३० वर्षे राहिले, तर तेवढ्या काळात असा पूर पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे. निळ्या रेषेवरील घरासाठी हीच शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. 'या घराच्या कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत घरात पूर येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे' असे निळ्या रेषेतील घर घेणाऱ्याला सांगितले, तर रेषेचा अर्थ त्याला वेगळा लागेल.

दरडींच्या बाबतीत तर भाषेऐवजी यादीच बोलते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही, ही पहिली वार्ता एसटीच्या चालकामुळे बाहेर पोचली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे नंतर सांगण्यात आले. यादी आवश्यकच आहे, पण यादीबाहेरच्या गावाला ती अभय देत असल्याचा भास होतो. उताराच्या जमिनीला भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या जागी फुटणे, या खुणा मात्र कोणत्याही वाडीला स्वतः पाहता येतात. 'उंदीर पडणे' या शब्दप्रयोगाने प्लेगच्या काळात जे काम केले, ते करणारा शब्दप्रयोग दरडींच्या बाबतीत अद्याप रूढ झालेला नाही.

७

वरील विवेचनातून संवादाच्या गद्याच्या तीन कसोट्या हाती लागतात. संकटाला सोसणाऱ्याने दिलेले नाव ते स्वीकारते काय, ऐकणाऱ्याला प्रश्न विचारण्याची जागा ते ठेवते काय, आणि ऐकणाऱ्याचा हितसंबंध व त्याच्या आवाक्यातील कृती त्यात आहे काय. 'असूड' या तिन्ही कसोट्यांना उतरतो. संवाद सहायकांचे बोलणे उतरते. आजचे इशारे बहुतांशी उतरत नाहीत, आणि याचे कारण हवामानशास्त्राचे मागासलेपण नव्हे. अंदाज वर्तवण्याचे शास्त्र गेल्या दोन दशकांत बरेच पुढे गेले आहे, ते सांगण्याची मराठी मागे राहिली आहे.

या विचारावर एक आक्षेप संभवतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने इशाऱ्यांची आणि पूररेषांची भाषा तपासणे हे त्याच्या क्षेत्राबाहेरचे नव्हे काय? त्याचे उत्तर असे की, शब्द ऐकणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ जागा करतो, हे ओळखण्याचे शिक्षण अन्य कोणत्याही विद्याशाखेत दिले जात नाही. 'तुरळक' या शब्दातील घात हवामानशास्त्रज्ञाच्या लक्षात येणार नाही, कारण त्याच्यासाठी तो पारिभाषिक आहे. तो मराठीच्या अभ्यासकाच्याच लक्षात यावयास हवा.

विद्यापीठांतील मराठी विभागांना व अध्यासनांना या दिशेने करण्यासारखी कामे स्पष्ट आहेत. संवाद सहायक म्हणून काम केलेल्या स्त्रियांच्या आठवणी त्या हयात असताना त्यांच्याच बोलीत नोंदवून घेणे, पूर व दरडींच्या पूर्वखुणांसाठी कोकणात, मावळात आणि कृष्णाकाठी वापरले जाणारे शब्द जिल्हावार गोळा करणे, आणि प्रचलित इशाऱ्यांची वाक्ये गावांत वाचून दाखवून ऐकणाऱ्यांना काय समजले ते तपासणे, यांसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एवढे झाल्यास 'तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' या वाक्याच्या जागी दुसरे वाक्य सुचवणे अवघड जाणार नाही. उदाहरणार्थ : 'उद्या या तालुक्यातील काही मोजक्या गावांत एका दिवसात घराच्या छतावर वीतभर पाणी साचेल इतका पाऊस पडू शकतो. ती गावे कोणती हे आज सांगता येत नाही. म्हणून ओढ्याकाठच्या आणि उताराखालच्या सर्वच घरांनी रात्री दुसरीकडे झोपावे.' या वाक्यांत शास्त्राने जे सांगता येते ते सांगितले आहे, जे सांगता येत नाही तेही सांगितले आहे, आणि काय करायचे ते ऐकणाऱ्याच्या हाती दिले आहे. ही वाक्येही गावात वाचून दाखवावी लागतील, आणि तेथे कोणी प्रश्न विचारला तर तीही बदलावी लागतील.